खो दिला तो ऐकू येऊ द्या

आमच्या गावात दर जानेवारीत कबड्डीचे सामने होतात. परभणी जिल्ह्यातलं गाव, शाळेमागचं मैदान, चुन्यानं आखलेल्या रेघा आणि दोन बांबूंना बांधलेले दोन भोंगे. निवेदनाला एक निवृत्त गुरुजी बसतात. समोर टेबल, टेबलावर दोनशे पानी वही आणि माईक ओठांच्या इतका जवळ की चढाई सुरू झाली की गुरुजींनी रोखलेला श्वाससुद्धा मैदानभर जाणवतो. "चढाईला सात नंबर. पोरगं नवं हाय, पण पायात चपळाई बघा. बोनसकडं बघतंय... डावा कोपरा सरकला... साखळी आली, धरला, धरला... सुटला! सुटला की ओ!" ज्यांना सामना दिसत असतो तेही गुरुजींच्या तोंडूनच सामना ऐकत असतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मैदानाला लागून असलेल्या रानात बायका कापूस वेचत होत्या. हात बोंडावर, कान भोंग्याकडे. दुपारनंतर वारा फिरला. थोड्या वेळानं त्यांनी एका पोराला मैदानात पिटाळलं. ते धापा टाकत गुरुजींच्या टेबलाशी आलं आणि म्हणालं, "गुरुजी, मावशी म्हनायली, जरा जोरानं बोला. काय चाललंय कळंना गेलंय." त्या रानातल्या एका बाईची लेक आमच्या शाळेच्या संघात होती आणि तिचा सामना सुरू होता. दिवसाची मजुरी बुडवून येणं त्या बाईला परवडणारं नव्हतं. लेकीचा सामना तिच्यापर्यंत वाऱ्याच्या मर्जीनं पोचत होता.

मी वीस वर्षं क्रीडाशिक्षक आहे. या अनुभवावरून मला एक मागणी करायची आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्यानं करतो आहे. मराठवाड्यात रेडिओवर रोज किमान एक तास आपल्या भागातल्या खेळांवर बोललं गेलं पाहिजे. सामन्यांचं धावतं वर्णन, निकाल, त्यावर चर्चा आणि त्या चर्चेत फोन करून श्रोत्यांनी घेतलेला भाग, असं सगळं त्यात हवं. सणासुदीला एखाद्या पदकविजेत्याची मुलाखत घेतली की काम झालं असं समजून चालणार नाही.

याला कुणी खुळचट म्हणण्याआधी जगात हे कसं घडलं ते पाहू. न्यूयॉर्कमध्ये १०५० किलोहर्ट्झवर एक केंद्र अमेरिकी ग्रामीण बाजाची गाणी लावायचं. १ जुलै १९८७ रोजी दुपारी तीन वाजता ती गाणी बंद झाली आणि डब्ल्यूएफएएन हे अहोरात्र फक्त खेळावर बोलणारं केंद्र सुरू झालं. त्यावर पहिल्यांदा ऐकू आलेला आवाज एका बाईचा होता, सुझिन वॉल्डमन यांचा. अनेक जाणकारांनी हे चालणार नाही असं सांगितलं होतं आणि त्यांच्याकडे कारणही होतं. १९८१ साली खेळाचं एक चोवीस तासांचं रेडिओ जाळं सुरू होऊन त्याच वर्षी बंद पडलं होतं. तरी हे केंद्र टिकलं. ऑक्टोबर १९८८ मध्ये ते ६६० किलोहर्ट्झ या जास्त दूरवर पोचणाऱ्या लहरीवर गेलं आणि पुढे शेकडो केंद्रांनी त्याची वाट धरली. इंग्लंडात बीबीसीवर १९९१ पासून शनिवारच्या फुटबॉल सामन्यांनंतर श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम सुरू झाला. सहा वाजून सहा मिनिटांनी सुरू व्हायचा म्हणून त्याचं नावही तेच. सामना बघून घरी निघालेला माणूस वाटेतूनच फोन लावायचा आणि आपल्या संघाचं काय चुकलं ते साऱ्या देशाला सांगायचा.

या केंद्रांचं भांडवल काय होतं? सामने दाखवायला टीव्ही होता, निकाल छापायला वर्तमानपत्रं होती. रेडिओनं घेतलं ते सामन्यानंतरचं बोलणं. आपल्याकडे पारावर, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर आणि कटिंगच्या दुकानात जे बोलणं रोज चालतं, ते त्यांनी लहरींवर चढवलं आणि त्याला वेळ नेमून दिली. आपल्याकडे ते बोलणं आहे, भरपूर आहे. वेळ आणि जागा तेवढी नाही.

आता आपल्या खेळांकडे या नजरेनं बघा. मला एक गोष्ट फार वर्षांनी लक्षात आली. आपले दोन अस्सल मैदानी खेळ, कबड्डी आणि खो-खो, यांत आवाज हा नियमच आहे. चढाई करणाऱ्यानं "कबड्डी, कबड्डी" असं स्पष्ट आणि अखंड म्हटलं नाही तर त्याची चढाई बाद. खो-खोत पाठीला हात लागला पण तोंडातून "खो" निघाला नाही तर तो खो धरत नाहीत. नऊपैकी आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडं करून बसलेले, नववा पाठलागावर, समोर तीन संरक्षक आणि मैदानभर सपासप पडणारे खो. कान देऊन ऐकलं तर खो बसायच्या कोणत्या पाटीवरून, म्हणजे आडव्या पट्ट्यावरून, कोणत्या पाटीकडे गेला ते न बघताही कळतं. कुस्तीचंही तसंच. हलगीचा ठेका चढला की फड न बघता माणूस म्हणतो, मोठी जोड लागली. रेडिओसाठी याहून चांगले खेळ कुठले असतील?

भारतीय माणसानं रेडिओवर सर्वांत जास्त ऐकलं ते क्रिकेट. पाच दिवसांचा कसोटी सामना, त्यात दोन चेंडूंमधला रिकामा वेळ, तरीही बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी मराठीत तो असा रंगवला की मैदान कधीही न पाहिलेल्या माणसाला गली आणि मिडऑन कळू लागलं. माझ्या वडिलांना मिडऑन कळायचं. मात्र आमच्याच तालुक्यातल्या मुलींच्या खो-खो संघानं पळतीत एकेरी साखळीची चाल का सोडली, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. भाषा होती, सांगणारेही होते. त्यांच्यासमोर कुणी माईक ठेवला नाही.

आपल्याकडे बोलण्यासारखं काय घडतं, असं विचारणाऱ्यांसाठी थोडी उजळणी करतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवतो. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, केनियाच्या विजेत्यापासून पाच शतांश सेकंदांवर. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्ण घेतो. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुलमध्ये कुस्तीत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवतो. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळतो. बीडचा सचिन धस फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशी अवस्था असताना उभा राहून ९६ धावा काढतो. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारतीय मुली नेपाळला ७८-४० असं हरवतात. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती.

हे सगळे आपल्याला कधी कळले? पदक मिळाल्यावर. मग मिरवणूक, जेसीबीतून गुलाल, फ्लेक्स. त्याआधीची आठ-दहा वर्षं कुणी ऐकली नाहीत. ज्या स्पर्धेत हे खेळाडू हरले, ज्या सामन्यात त्यांनी पहिल्यांदा मोठ्या संघाला दमवलं, ज्या मातीवर ते घडले, तिथे फार तर आमच्या गुरुजींसारखा एखादा निवेदक भोंग्यावर होता आणि ते बोलणं शाळेच्या कुंपणाबाहेर गेलं नाही. खेळाडूला अखंड ऐकलं जाणं आणि शेवटी एकदम डोक्यावर घेतलं जाणं यांत फार फरक आहे. पहिल्यात प्रेक्षक तयार होतो आणि त्याला खेळ कळू लागतो. दुसऱ्यात नुसती गर्दी होते आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच पांगते.

रेडिओ मराठवाड्याला काही नवा नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या संस्थानांत मिळून पाच रेडिओ केंद्रं होती. म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद ही चार आणि पाचवं आपलं औरंगाबाद. निजामाच्या राज्यात आपल्यावर काय गुदरलं ते नव्यानं सांगायला नको. पण पुण्याला अजून रेडिओ केंद्र नव्हतं तेव्हा मराठवाड्यात ते होतं, हेही खरं आहे. १९५० साली हैदराबादबरोबर ते आकाशवाणीकडे आलं आणि पुढे काही वर्षांतच बंद पडलं. नंतर परभणी केंद्र आलं, औरंगाबादला पुन्हा केंद्र मिळालं आणि स्थानिक केंद्रांच्या योजनेत नांदेड, बीड, उस्मानाबाद ही एफएम केंद्रं आली. आमच्या घरात परभणी केंद्र म्हणजे घड्याळच होतं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की बैलांना वैरण, बातम्या लागल्या की जेवण. त्या केंद्रांनी शेती, आरोग्य, लोकगीतं घराघरांत नेली. भारुडाला आणि गोंधळाला त्यांनी जी इज्जत दिली ती दुसऱ्या कुणी दिली नसती. म्हणून माझी पहिली मागणी त्यांच्याकडेच आहे. गोंधळाला दिलेली जागा खो-खोला द्या. दोन्ही याच मातीतले आहेत.

खासगी एफएमचा मुद्दा वेगळा आहे आणि तिथे थोडं कायद्यात शिरावं लागेल. रेडिओच्या लहरी कुणाच्या, हा प्रश्न या देशात सुटला तोच मुळी खेळामुळे. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या खंडपीठानं सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि त्यांचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा. त्यानंतरच खासगी एफएमचा रस्ता मोकळा झाला. क्रिकेटच्या एका भांडणातून देशाच्या लहरी मोकळ्या झाल्या. त्या लहरींवर आमच्या कबड्डीला पाच मिनिटं मिळू नयेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायला तेवढी परवानगी आहे. पण २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात काही विषय बातमी धरायचे नाहीत असं ठरलं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, पाणी आणि विजेच्या सूचना यांच्याबरोबर खेळांची माहितीही त्यात आहे. पुढे स्पष्ट म्हटलं आहे की स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांचं धावतं वर्णन करायला मुभा देता येईल. म्हणजे आमच्या तालुक्यातला कबड्डीचा अंतिम सामना एफएमवरून ऐकवण्याचा रस्ता सरकारनं २०११ सालीच दाखवून ठेवला आहे. इतकी वर्षं झाली. मी ऐकतो त्या खासगी केंद्रांवर असं एकही धावतं वर्णन मला ऐकायला मिळालेलं नाही. मुंबईत बनलेला विनोद आणि मुंबईत निवडलेली गाणी तेवढी ऐकू येतात.

काही वर्षांपूर्वी मी एका खासगी केंद्रात जाऊन विचारलं होतं. विभागीय खो-खो स्पर्धा तोंडावर होत्या. रोज संध्याकाळी दहा मिनिटं द्या, निकाल आणि दोन खेळाडूंशी बोलणं, बोलायला मी येतो, पैसे नकोत, असं सांगितलं. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं चहा पाजला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, प्रायोजक आणा, लगेच करू." मी दोन दिवस बाजारात फिरलो. एक खतविक्रेता, एक सराफ, एक मोटारसायकलचं दालन. तिघांनीही एकच प्रश्न केला, "रेडिओवर खो-खो ऐकतंय कोण?" रेडिओवाल्याला जाहिरातदार हवा, जाहिरातदाराला श्रोता हवा आणि श्रोत्याला आधी काहीतरी ऐकायला मिळायला हवं. हा फेरा कुणीतरी पहिलं पाऊल टाकल्याशिवाय तुटत नाही. बाजारानं ते टाकलं नाही. म्हणून ते सरकारच्या धोरणानं टाकावं असं मी म्हणतो.

आणि धोरणाला आत्ता संधी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपल्याकडची लातूर, उस्मानाबाद आणि उदगीर ही नावं आहेत. लातूर म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार या पैलवानांचा जिल्हा. तिथे सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. धाराशिव म्हणजे मुलींच्या खो-खोचं माहेर. या गावांत उभ्या राहणाऱ्या केंद्रांवर दिवसभर हिंदी गाणीच वाजणार असतील तर त्या लहरी आपल्या असून आपल्याला काय उपयोग? परवाना देतानाच अट घाला, रोज एक तास स्थानिक भाषेत स्थानिक खेळ. आणि त्या तासासाठी परवाना शुल्कात थोडी सूट द्या. शासनाला यात फार काही गमवावं लागणार नाही.

मोबाइल असताना रेडिओ कशाला, हा आक्षेप मला सगळीकडे ऐकावा लागतो आणि तो पोकळ नाही. आज गावोगावचे कबड्डी सामने यूट्यूबवर थेट दिसतात. दोन पोरं तिपाई लावून कॅमेरा चालवतात, एक जण निवेदन करतो आणि हजारो लोक बघतात. त्या पोरांचं मला कौतुकच आहे. पण ते दाखवतात तो त्या दिवशीचा तो सामना. दुसऱ्या दिवशी तोच संघ शेजारच्या तालुक्यात खेळला तर ते तिसरंच कुणीतरी दाखवतं किंवा कुणीच दाखवत नाही. जिल्ह्याचा सगळा खेळ एका धाग्यात ओवणारा, काल कोण हरलं आणि उद्या कुणाशी गाठ आहे ते रोज एकाच वेळी सांगणारा, चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणारा माणूस तिथे नाही. शिवाय ते बघावं लागतं. कापूस वेचणारी, ऊस तोडणारी, ट्रॅक्टर चालवणारी, भाकरी थापणारी माणसं बघू शकत नाहीत. हात कामात असलेल्या माणसाचा कान मोकळा असतो आणि मराठवाड्यात हात कामात असलेलीच माणसं जास्त आहेत. आमच्याकडून हजारो कुटुंबं दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांची लेकरं आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि त्याच महिन्यांत शालेय स्पर्धा असतात. आईबाप कोल्हापूरच्या फडात, पोरगी बीडच्या मैदानावर. आकाशवाणीची बरीचशी केंद्रं आता मोबाइलच्या ॲपवरही लागतात. उसाच्या फडात खिशातल्या फोनवर लेकीचं नाव ऐकू येणं तांत्रिकदृष्ट्या आज, या क्षणी शक्य आहे.

आता या मागणीचं सगळ्यात महत्त्वाचं कारण सांगतो. त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून जरा तपशिलात जातो.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. गरिबाच्या लेकराला खेळातून घर उभं करता येईल अशी ही चांगली योजना आहे. पण तिचा सगळा डोलारा एका कागदावर उभा आहे, क्रीडा प्रमाणपत्रावर. आणि तो कागद विकत मिळू शकतो. ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं काढून नोकऱ्या मिळवल्याचं प्रकरण मराठवाड्यातही गाजलं. ज्यांनी आयुष्यात ट्रॅम्पोलिनवर पाय ठेवला नाही ते खेळाडू म्हणून नोकरीला लागले आणि खरे खेळाडू वय उलटेपर्यंत वाट बघत राहिले. माझ्या स्वतःच्या दोन विद्यार्थिनी त्या वाट बघणाऱ्यांत आहेत.

बोगस प्रमाणपत्र कुठे जन्मतं? जी स्पर्धा कुणी पाहिली नाही, ऐकली नाही, तिथे. कागदावर झालेली स्पर्धा आणि मैदानावर झालेली स्पर्धा यांतला फरक दाखवायला साक्षीदार लागतो. समजा, जिल्ह्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त स्पर्धेचा निकाल त्याच संध्याकाळी रेडिओवर संघांच्या नावांसह, बाराही खेळाडूंच्या नावांसह वाचला गेला आणि त्याचं ध्वनिमुद्रण केंद्रात जपून ठेवलं. चार वर्षांनी कुणी तेरावा खेळाडू घुसवू पाहील तर जिल्हा उभा राहून म्हणेल, हे नाव आम्ही ऐकलंच नाही. पडताळणीसाठी फायलींचे ढीग उपसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. गावजत्रेतल्या कुस्तीला कुणी कधी प्रमाणपत्र मागत नाही, कारण फडाभोवती पाच हजार लोक बसलेले असतात. रेडिओ ते पाच हजार लोक प्रत्येक मैदानाभोवती बसवू शकतो.

आमच्या गुरुजींच्या वह्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांच्या घरी लोखंडी पेटीत बावीस वह्या आहेत, एकेका हंगामाची एकेक. प्रत्येक सामन्याची तारीख, दोन्ही संघ, खेळाडूंची नावं, मध्यंतराचे गुण, लोण कुणी चढवला, पंच कोण. एकदा आमची एक जुनी खेळाडू, आता दोन लेकरांची आई, त्यांच्याकडे आली. प्रमाणपत्र पुरात भिजून गेलं होतं, संबंधित कार्यालयात नोंद सापडत नव्हती. गुरुजींनी पेटी उघडली, सातवी वही काढली, पान काढलं. तिचं नाव होतं, पाच गुण होते आणि समोर गुरुजींच्या बारीक अक्षरात शेरा होता, 'उजव्या कोपऱ्यात पकड उत्तम'. ती बाई ते पान हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. कार्यालयानं ती वही पुरावा म्हणून मानली नाही, मानता येतही नसेल. पण जिल्ह्याच्या क्रीडा इतिहासाचा एवढा अस्सल दस्तऐवज एका माणसाच्या पेटीत, वाळवीच्या भीतीखाली पडून आहे आणि जो आवाज रोज मुद्रित करून जतन करता आला असता तो दर जानेवारीत वाऱ्यावर जातो, हे मला सहन होत नाही.

रेडिओवर फोन खुले केले तर दुसरंही काही बाहेर येईल. तालुका क्रीडा संकुलाला कुलूप का आहे, मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक का गेली नाही, निवड चाचणीची तारीख आदल्या रात्री का कळली. असे प्रश्न आले की खासगी केंद्र म्हणेल, ही बातमी झाली, आम्हाला परवानगी नाही. ही अडचण खरी आहे. सामन्याचा निकाल सांगायला मोकळीक आणि मैदानाच्या कुलपाबद्दल बोललं की बातमी, ही रेघ कुणी आणि कुठे ओढायची? दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०२३ साली खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायला परवानगी द्यावी अशी शिफारस केली आहे. ती मान्य व्हायला हवी. तोवर आकाशवाणीनं ही जबाबदारी घ्यावी, कारण तिला ती बंदी नाही. महाविद्यालयांच्या आणि संस्थांच्या सामुदायिक रेडिओ केंद्रांनीही पुढे यावं. त्यांची लहर दहा-बारा किलोमीटरच पोचते, पण एका तालुक्याच्या खो-खोला तेवढी पुरते. आणि बी.पी.एड.च्या विद्यार्थ्यांना धावतं वर्णन शिकवायला यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही.

मुलींसाठी हे किती मोलाचं आहे ते मी रोज बघतो. नववीनंतर आमच्या संघातल्या निम्म्या मुली मैदान सोडतात. घरचे म्हणतात, खेळून काय व्हायचंय, लोक काय म्हणतील. ज्या मुलीचं नाव भोंग्यावर घेतलं गेलं तिचा बाप दुसऱ्या दिवशी मला बाजारात थांबवतो आणि विचारतो, "सर, पोरगी खरंच चांगली खेळायली का?" मी हो म्हणालो की ती मुलगी आणखी एक वर्ष मैदानावर राहते. एका बापाला एका भोंग्यानं जे समजावलं ते जिल्ह्यातल्या बापांना रेडिओ समजावू शकतो. धाराशिवच्या मुली भारतीय संघात दिसतात त्यामागे प्रशिक्षक आहेत, संस्था आहेत, त्यांच्या आयांची जिद्द आहे. तशी जिद्द जालन्यात, हिंगोलीत, किनवटच्या तांड्यांवर नाही असं नाही. ती कुणाच्या कानावर पडत नाही.

मी आकाशवाणीच्या केंद्राला एक साधा आराखडा लिहून दिला आहे. सुरुवात आठवड्यातून एक दिवस, रविवारी संध्याकाळी सहा ते सात. पहिली वीस मिनिटं जिल्ह्यातले निकाल, नावांसह. पुढची वीस मिनिटं एका खेळाचा एक डाव उलगडून सांगायचा. ढाक म्हणजे काय, खुंटाजवळ पळती कशी फसवते, सुपर टॅकल कधी धरतात. उरलेली वीस मिनिटं फोन. बोलणारे इथलेच आणि मराठवाड्याच्या बोलीत बोलणारे. सहा महिन्यांनी श्रोते किती, फोन किती, हे मोजा आणि मग रोजचं करा. खर्च म्हणाल तर माईक, फोनची तार आणि बोलणाऱ्याचा एसटीचा प्रवासखर्च.

पहिल्या रविवारी बोलायला याल का, असं मी गुरुजींना विचारून ठेवलं आहे. त्यांचं वय आता त्र्याहत्तर. ते हो म्हणाले, पण एक अट घातली. दोन्ही संघांच्या याद्या सामन्याआधी अर्धा तास, लेखी, शाळेच्या आणि गावाच्या नावासकट हातात पाहिजेत.